बिनलग्नाचा दाखला

पुरिंग लागमायचं लग्न झालेलं नाही, असं सरकारनं तिला आजवर सहा वेळा लेखी दिलं होतं. बिनलग्नाचा दाखला सहा महिनेच चालतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा काढावा लागे. टपालानं तो पिवळसर कागद आला, की तिच्या मुलीचा बाप क्रिसान्तो पाण्याचा पंप दुरुस्त करता करता अंगणातून उठून यायचा, ग्रीसचे हात चड्डीला पुसायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय सरकार? अजून कुमारिकाच ना?"

"हो," पुरिंग म्हणायची. "तेव्हा जरा लांब उभा राहा."

बारा वर्षं दोघं एका घरात राहत होती. मुलगी जेनिलिन अकरा वर्षांची होती. फिलिपीन्समधल्या आमच्या सान रेमिगिओत कुणी त्यांना नवराबायको नाही असं म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण कागदावर नव्हते ते नव्हतेच.

झालं होतं असं. पुरिंगच्या वडिलांना, म्हणजे आन्सेल्मो लागमायना, त्यांच्या बहिणीनं हवाईला बोलावण्यासाठी अर्ज केला तेव्हा पुरिंग झोळीतून उतरून नुकती चालायला लागली होती. तो अर्ज मंजूर व्हायला बावीस वर्षं लागली. तोवर पुरिंग चोवीस वर्षांची झाली, आणि अमेरिकेच्या कायद्यात एकविसाव्या वर्षानंतर मूल हे मूल राहत नाही. मग आईवडील गेले आणि ही मागे राहिली. तिकडे पोचल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते हिच्यासाठी अर्ज भरण्याचं. 'मोठी, अविवाहित मुलगी' अशा रांगेत तिचं नाव लागलं. तारीख पडली अकरा एप्रिल. त्या रांगेत उभं राहायचं तर अविवाहितच राहायचं. लग्न केलं, की अर्ज आपोआप मरतो, कुणी मारावा लागत नाही.

तेव्हा जेनिलिन रांगत होती आणि लसणाची काढणी संपली की लग्न करायचं असं दोघांनी ठरवलं होतं. वडिलांनी फोनवर सांगितलं, "जरा थांबा. थोडेच दिवस." त्या थोड्या दिवसांची दहा वर्षं झाली.

आमच्याकडे अशी घरं काही थोडीथोडकी नाहीत. लग्न कधी, असं विचारलं की लोक म्हणतात, नंबर आला की. यात कुणाला हसू येत नाही. पण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मात्र ते जाणवतं. पुरिंग दर रविवारी मिस्साला जायची, मागून तिसऱ्या बाकावर बसायची. प्रसाद घ्यायची वेळ आली, की बाकावरची माणसं उठून रांगेनं वेदीकडे जात आणि तिला गुडघे एका बाजूला वळवून त्यांना वाट द्यावी लागे. लग्नावाचून पुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईला प्रसाद नाही. फादर कठोर नव्हते, पण नियम तो नियम. दहा वर्षं तिनं अशी गुडघे वळवून वाट दिली. शेजारणीच्या बाळाची धर्ममाता व्हायला तिला बोलावलं, तेव्हाही तिला नाही म्हणावं लागलं. परमेश्वराशी तिचं बोलणं चालू होतं, पण उंबऱ्याबाहेरून, चपला हातात घेऊन उभं राहिल्यासारखं.

पाचव्या वर्षी आई तिकडे वारली. पुरिंगनं मातीला जाण्यासाठी परवानगी मागितली, तर मनीलाच्या अमेरिकी वकिलातीनं दिली नाही. तुमचा कायमचं जायचा अर्ज पडून आहे, तुम्ही परत याल याचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या कागदानं आई भेटायची, त्याच कागदानं आईचं तोंड बघू दिलं नाही. त्या दिवशी ती बाजाराजवळच्या आपल्या टपरीवर आली आणि नेहमीसारखी एंपनाडा तळत राहिली. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, त्यात कच्च्या पपईचा कीस, लसणाचं सॉसेज, वर फोडलेलं अंडं, आणि चंद्रकोरीसारखी घडी. एकही फुटली नाही, असं क्रिसान्तो नंतर सांगायचा. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं होतं.

आणि आता, दहाव्या वर्षी, नंबर जवळ आला होता. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला, ती वकिलातीची तारीख दर महिन्याला जाहीर होते. कधी आठवडाभर पुढे सरकते, कधी मागेही जाते. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पुरिंगच्या पुढे आता जेमतेम आठ-दहा महिन्यांची माणसं उरली होती. जेनिलिन तिच्याबरोबर जाणार होती. क्रिसान्तो मागे राहणार, मग पुरिंगनं परत येऊन लग्न करायचं आणि त्याला बोलवायचं, असा बेत होता.

तेवढ्यात बातमी आली, की वॉशिंग्टनमध्ये परदेशी माणसांचा सगळा कायदाच नव्यानं लिहिताहेत.

त्या उन्हाळ्यात पुरिंगच्या टपरीवर जेवढा कायदा शिजला तेवढा तिकडच्या सभागृहातही शिजला नसेल. तिचाकीवाले तर सगळे वकीलच झाले होते. एक म्हणायचा, थांबलेल्या सगळ्यांना एकदम आत घेणार, रांगाच संपवणार. दुसरा म्हणायचा, संपवणार म्हणजे बंद करणार, मोठ्या मुलांची रांग पुसून टाकणार. तिसऱ्याच्या मेव्हण्यानं सांगितलं होतं, की जाणाऱ्यांना आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला लगेच नेता येईल. वडील दर रविवारी फोन करत आणि तिकडच्या, आपल्या इलोकानो भाषेतल्या रेडिओवर ऐकलेलं सांगत. एका रविवारी आशेचं, दुसऱ्या रविवारी धास्तीचं. पुरिंग ऐकून घ्यायची आणि व्हिनेगरच्या बाटल्या भरायची.

शेवटी ती मानांग डोमिंगांकडे गेली. डोमिंगा राबागो निवृत्त शिक्षिका, वयानं मोठ्या म्हणून सारं गाव त्यांना मानांग, म्हणजे ताई, म्हणतं. अर्ध्या गावाचे अर्ज त्यांच्या हातचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हा कायदा आला तर तुझं भलं होईल नाहीतर वाटोळं होईल. कोणतं ते मला विचारू नकोस, लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नाही. तू एक कर. कायदा यायच्या आत सगळे कागद तयार ठेव. पोरीचा जन्मदाखला आण."

पुरिंगनं तो आणला. शाळेत नाव घालताना तिनं तो दिला होता, पण नीट वाचला कधीच नव्हता. मानांग डोमिंगा मात्र रकाना न् रकाना वाचायच्या. एका रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"आईवडिलांच्या लग्नाची तारीख," त्यांनी वाचलं. "चौदा फेब्रुवारी. हे काय गं?"

तिथूनच तडक पुरिंग घरी आली आणि क्रिसान्तोसमोर दाखला धरला. त्यानं पंपाचा पाना खाली ठेवला. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नव्हतं. आयुष्यात एकदाच जमलं होतं, आणि ते नेमकं इथं.

जेनिलिन झाली तेव्हा सुईणबाई फॉर्म भरत होत्या. लग्नाची तारीख विचारली. नाही म्हटलं, तर पोरीच्या नावापुढे अनौरस लागणार. पुरिंग आत झोपलेली. बाकावर बसलेले बाकीचे बाप फटाफट तारखा सांगत होते. लग्न तर करायचंच होतं, काही महिन्यांचाच तर प्रश्न. त्यानंही सांगून टाकली.

"पण चौदा फेब्रुवारी?" पुरिंगनं विचारलं.

"दुसरी कुठली तारीख सुचेना," तो म्हणाला. "भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बदाम काढलेला होता."

पुरिंगला हसू आलं आणि त्याच दमात सेवेरिना आठवली. तिचं काय झालं ते गावाला माहीत होतं. सेवेरिनानं दूरच्या एका गावात जाऊन गुपचूप लग्न केलं होतं आणि सतरा वर्षं अविवाहित म्हणून रांगेत राहिली. मुलाखतीच्या दिवशी वकिलातीतल्या साहेबानं तिच्यापुढे तिचाच लग्नाचा कागद ठेवला. आता ती कधीच जाऊ शकत नाही, फिरायलाही नाही. पुरिंगचं उलटं होतं. तिनं लग्न केलंच नव्हतं आणि कागद म्हणत होता, केलंय. एकीकडे सहा दाखले, लग्न नाही म्हणून; दुसरीकडे एक दाखला, आहे म्हणून. साहेब कशावर विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी दोघं नगरपालिकेच्या जन्ममृत्यू कचेरीत गेली. तिथल्या बाई कामसू होत्या, कानामागे पेन्सिल खोचलेली. त्यांनी दाखला बघितला आणि म्हणाल्या, असे महिन्याला चार येतात. मग त्यांनी एक छापील प्रतिज्ञापत्र काढलं. हे कोर्टात जाईल, म्हणाल्या. लग्नाची तारीख काढून टाकायची. समासात शेरा पडेल, की मुलगी औरस नाही. आडनावाचं कोर्ट ठरवेल, बहुतेक आईचं लागेल. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही.

त्यांनी मजकूर वाचून दाखवला. खाली सही करणारी आम्ही दोघं आजवर कधीही एकमेकांची पतिपत्नी नव्हतो आणि नाही.

क्रिसान्तोनं पेन मागून घेतलं आणि सही केली. वाचलंही नाही. "माझ्यामुळे झालंय," तो बाईंना म्हणाला, "माझी आधी." आणि पेन पुरिंगकडे दिलं.

पुरिंगनं असल्या कागदांवर कमी सह्या केल्या नव्हत्या. मी अविवाहित आहे, मी अविवाहित आहे, असं तिनं दहा वर्षं लिहून दिलं होतं. पण ते तिचं एकटीचं होतं. अमुक एक गोष्ट झालेली नाही, एवढंच. हा कागद तिघांचा होता. याच्यावर सही केली तर बारा वर्षं हा माणूस घरात कोण होता, हे पोरीला एका शेऱ्यानं समजणार होतं. आणि हा मेला बसलाय कसा, तिला वाटलं, दाढ काढून घ्यायला बसल्यासारखा, निमूट. त्यानं खळखळ केली असती तर तिनं सही केली असती.

"दुसरा मार्ग नाही का?" तिनं विचारलं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. जेवणाची वेळ झाली होती. "आहे ना. लग्न करा. पोर झाली तेव्हा तुमच्या दोघांच्या लग्नाला काही अडचण होती का? कुणाचं आधीचं लग्न वगैरे? नव्हती. मग आता लग्न केलंत तर पोर औरस होते. चुकीच्या तारखेचं वेगळं निस्तरावं लागेल, पण पोरीच्या नावाला धक्का नाही. पण तुम्ही तर रांगेतले दिसताय."

"त्याला किती दिवस?"

"लग्नाला? पंधरा जूनला सामुदायिक विवाह आहे. नावं परवापर्यंत घेतोय."

पुरिंगनं पेनाला टोपण लावलं. "लिहा मग आमचं," ती म्हणाली.

बाहेर जिन्यावर क्रिसान्तो भडकला. एरवी त्याचा आवाज चढत नसे. दहा वर्षं मी तुझ्या रांगेत उभा आहे, म्हणाला, माझं नाव नसताना. आणि आता तोंडाशी आल्यावर तू ते टाकून देतेस, तेही माझ्या एका गाढवपणापायी. मग हळू आवाजात त्याला खरं जे टोचत होतं ते बोलला.

"उद्या तिकडच्या बायका सुट्टीला येतील, गळ्यात फुलांच्या माळा नि हातात चॉकलेटांची पाकिटं घेऊन. तेव्हा माझ्याकडे बघून उसासे टाकायचे नाहीत."

"टाकीन," पुरिंग म्हणाली. "दोन-चार टाकीन. तू ऐकून घ्यायचे."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग तिनं सांगितलं. तिला हवाई नको झालं होतं असं मुळीच नव्हतं. पण कायदा आला तर काय, नाही आला तर काय, हे गावात कुणाला सांगता येत नव्हतं. बावीस वर्षं वडिलांची गेली, दहा तिची गेली, आता एका माणसानं एका सभागृहात हात वर केला तर नंबर उद्या लागेल आणि खाली केला तर कधीच नाही. ते त्यांचं ठरवतील तेव्हा ठरवतील, ती म्हणाली. मी माझं आज ठरवते.

जेनिलिननं मात्र दोन दिवस अबोला धरला. तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. आजोबांनी पाठवलेली समुद्राची चित्रं वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवली होती. तिसऱ्या दिवशी टपरीवर पपई किसता किसता तिनं विचारलं, "माझ्या दाखल्यावर शेरा पडला असता तर माझं काय बिघडलं असतं? मला तो चालला असता. मला विचारलंस का?"

पुरिंगनं कढईखालचा जाळ कमी केला. "नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण विचारलं असतं तरी हेच केलं असतं."

"मग मी कशी जाणार?"

"शीक आणि तुझ्या पायांनी जा. माझ्या पदराला धरून जायचं होतं ते राहिलं."

मुलगी किसत राहिली, जरा जोरानं. पण किसत राहिली.

मानांग डोमिंगांनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. मग दार लोटून त्यांनी एक वाट सुचवली. लग्न कर, पण वकिलातीला कळवू नकोस. कदाचित नवा कायदा लग्न झालेल्यांनाही घेईल. नंबर जिवंत तरी राहील. पुरिंगनं त्यांना सेवेरिनाची आठवण करून दिली. आणि दुसरंही एक होतं, पण ते ती बोलली नाही. ज्या तोंडानं प्रसाद घ्यायचा त्याच तोंडानं मी कुमारिका आहे असं सांगायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं.

रविवारी वडिलांचा फोन आला. तिनं आधीच ठरवलं होतं, की आडून आडून सांगायचं नाही. सांगितलं.

"आठ महिने राहिलेत," वडील म्हणाले.

"किंवा कायदा आला तर एकही नाही. किंवा जन्मभर. तातांग, तुम्हालाही माहीत नाही."

"मी इथं कुणासाठी आलो?" त्यांचा आवाज फाटला. "हॉटेलातल्या खाटांच्या चादरी ओढून ओढून माझी बोटं वाकली. कुणासाठी?"

"माझ्यासाठी," पुरिंग म्हणाली. "म्हणूनच दहा वर्षं थांबले. नाहीतर मी दहा दिवस थांबणारी बाई आहे का?"

त्यांनी फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. असं कधी झालं नव्हतं.

पंधरा जूनला देवळात बासष्ट जोडपी उभी राहिली. काहींची डोकी पांढरी झाली होती, एकीच्या कडेवर नातू होता. कित्येकांची पोरं करवल्या बनून मिरवत होती. जेनिलिनही फुलांची टोपली घेऊन उभी होती, तोंड फुगवून, पण केस नीट विंचरून. आदल्या दिवशी पुरिंगनं फादरांपाशी जाऊन पापं कबूल केली होती. फादरांनी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, वडिलांचं मन मोडलं. फादर म्हणाले, ते पाप आहे का याचा मीही विचार करतो, तूही कर.

प्रसादाच्या वेळी ती रांगेत उभी राहिली. बरोबर क्रिसान्तो. जिभेवर ती पातळ भाकरी विरघळली तेव्हा तिच्या मनात मोठं असं काही आलं नाही. एवढंच आलं, की चव विसरले नव्हते.

सोमवारी तिनं जेनिलिनला कागद घेऊन बसवलं. वकिलातीला इंग्रजीत पत्र जायला हवं होतं आणि पोरीचं इंग्रजी तिच्यापेक्षा बरं होतं.

"काय लिहू?"

"माझं लग्न झालं, लिही. तारीख लिही, खरी. खाली अर्जाचा नंबर."

"कारण लिहू?"

"त्यांनी दहा वर्षं कधी कारण लिहिलं का?"

जेनिलिन हसली. पंधरवड्यात पहिल्यांदा. पत्र तीन ओळींचं झालं. पुरिंगनं स्वतः टपाल कचेरीत जाऊन ते नोंदणीनं टाकलं, पावती घेतली. बाहेर पडताना हात रिकामे वाटले, आणि मग कांदे आणायचे राहिलेत हे आठवलं.

जुलै उजाडला. वॉशिंग्टनचा कायदा एका सभागृहात पुढे गेला आणि दुसऱ्यात अडकला, असं तिचाकीवाले सांगत होते. तो सुटेल की सडेल, याच्यावर त्यांच्या पैजा लागल्या होत्या. वकिलातीकडून उत्तर आलं नव्हतं. एका रविवारी, दुपारी, फोन वाजला.

"पत्र टाकलंस?" वडिलांनी विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"टाकलं."

"हं." मग ते भराभरा बोलू लागले, पाठ केल्यासारखे. म्हणाले, मी इथला नागरिक झालो तर लग्न झालेल्या मुलीसाठीही अर्ज करता येतो. नवीन अर्ज, नवी रांग, पहिल्यापासून. आजवर परीक्षेला बसलो नाही, कारण अविवाहित मुलीसाठी गरज नव्हती, आणि मला भीती वाटायची. आता नाव घातलंय. म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत प्रश्न विचारतात म्हणे. शंभर प्रश्न आहेत, एकोणीस झाले.

"ती रांग वीस-वीस वर्षांची आहे, तातांग," पुरिंग म्हणाली. "आणि नव्या कायद्यात तीच बंद करणार म्हणतात."

"म्हणतात," वडील म्हणाले. "म्हणू देत. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मला दुसरं काम काय? बंद केली तर केली. उघडी असेल तर आपलं नाव आत पाहिजे."

पुरिंगला नको म्हणावंसं वाटेना. तिच्या रांगेची किंमत काय ते तिला पुरतं ठाऊक होतं. पण ही रांग तिची नव्हती, म्हाताऱ्याची होती. त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

"लावा तर मग," ती म्हणाली. "पण त्यासाठी मी काही थांबवून ठेवणार नाही. टपरीवर पत्रे घालायचेत, ते याच महिन्यात घालणार."

"घाल. मी कुठं नको म्हटलं?" मग ते खाकरले. "त्याचं पूर्ण नाव सांग. तुझ्या नवऱ्याचं. मधलंही. फॉर्मवर लागतं."

दहा वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या अर्जात त्याला जागाच नव्हती. पुरिंग एक एक अक्षर सुटं करून सांगू लागली. क्रिसान्तो, सेबास्तियान, बुटाक. पलीकडे वडील पेन्सिलीनं लिहीत होते आणि प्रत्येक अक्षर परत विचारत होते.

अंगणात पंपाशी बसलेल्या क्रिसान्तोनं मान वर न करता सांगितलं, "शेवटी सी आहे म्हणावं. के नाही. नीट लिहायला सांग."